दोन बोटांचा नियम

आमच्या नियंत्रण कक्षात झाकण पाडायला दोन बोटं लागायची, एक माझं आणि एक माझ्या नणंदेचं. इतका अचरट नियम जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. नणंदेला विचारल्याशिवाय पातेल्यावर झाकण न ठेवणाऱ्या बायका असतील कुठेतरी, पण माझं झाकण पातेल्यावरचं नव्हतं. ते वर, हवेच्याही पलीकडे फिरणाऱ्या उपग्रहाच्या डोळ्यावर होतं.

डोळा म्हणजे एक चपटी पेटी. आत वायू भरलेला, त्यात केसापेक्षा बारीक वायरी ताणलेल्या आणि वायरींत सणसणीत दाबाची वीज. लांबच्या ताऱ्यावरून आलेला क्ष-किरण आत शिरला की वायूत एक ठिणगी उडते. ठिणगी मोजली की किरण मोजला. पेटीचे चार कप्पे होते, त्यातले दोन केव्हाच जळून मेले होते. उरलेल्या दोघांना जगवणं हे माझं काम, आणि मी ते डोळ्यांत तेल घालून करत होते. कुणी म्हणेल, एवढं काय त्या पेटीचं? अहो, पुढच्या दोन वर्षांची निरीक्षणं त्या दोन कप्प्यांवर लटकलेली होती, आणि असा दुसरा डोळा वर नव्हता.

नणंद खगोलशास्त्रज्ञ. कामावर सगळे तिला मॅडम म्हणायचे. मी लग्नानंतर चिडवायला म्हणून ‘वन्सं’ सुरू केलं, कारण असलं जुनाट काही तिला खपत नाही हे मला ठाऊक होतं. तिनं मुद्दाम ‘ओ’ दिली आणि मग तेच चिकटलं. घरात ‘वन्सं’, कामावर ‘वन्सं’, भांडतानाही ‘वन्सं, तुम्ही जरा गप्प बसता का’.

वन्संचा सगळा जीव एका जोडीत अडकलेला. एक तारा निळा, अवाढव्य आणि भयंकर तापट. त्याला आम्ही दांडगा म्हणायचो. हा दांडगा स्वतःचंच अंग ओरबाडून चहूकडे फेकत असतो. त्याला शास्त्रात वारा म्हणतात, पण पंख्याचा वारा डोक्यात आणू नका. या वाऱ्यात आपली पृथ्वी सापडली तर तिच्या हवेची साल सोलून निघेल. दुसरी गोटी. ती मेलेल्या ताऱ्याचा दाबून दाबून उरलेला गाभा, एखाद्या शहराएवढी, आणि वजनाला सूर्यापेक्षा जड. गोटी दांडग्याभोवती त्याच्या वाऱ्यातूनच गरगरते, हाताला लागेल तेवढा वारा ओढून घेते, आणि तो माल तिच्या अंगावर आपटतो तेव्हा क्ष-किरणांचा भडका उडतो. एक स्वतःला फाडतोय, दुसरी फाडलेलं गिळतेय. आम्ही ती मारामारी बघायचो आणि त्याचा पगार घ्यायचो.

वन्संचं म्हणणं असं, की दांडग्याचा वारा दाट आहे आणि एकसारखा आहे. त्यावर त्यांनी उभं आयुष्य रचलं होतं. दांडगा किती माल गमावतो, गोटी किती खाते, शेवटी कोण कुणाला संपवणार, सगळे हिशेब त्या एकसारख्या वाऱ्यावर उभे. दुसऱ्या गटाची माणसं म्हणायची, वारा एकसारखा नाही, ढेकळांनी येतो. वन्संसमोर ढेकूळ हा शब्द काढायची सोय नव्हती. घरच्या कुंडीतली माती फोडतानासुद्धा मी तो जपून वापरायचे.

निकाल लागायची एकच जागा होती. गोटी दांडग्यामागे झाकली जाते आणि मग कडेनं बाहेर येते. बाहेर येताना ती आपल्याला वाऱ्याच्या सगळ्यात दाट थरातून दिसते. वारा एकसारखा असेल तर उजेड शांतपणे चढत जाईल. ढेकळांचा असेल तर चढेल, कोसळेल, उसळेल. मागच्या खेपेला आम्ही हेच बघत होतो, तेव्हा आकडा अचानक वर धावला आणि मी झाकण पाडलं. पेटी वाचली. वन्संचं निरीक्षण गेलं.

त्या दिवशी त्यांनी जो थयथयाट केला! ‘हिचे हात शिवशिवतात,’ म्हणून थेट संचालकांकडे गेल्या. त्यातून तो नियम निघाला. या जोडीकडे डोळा लावलेला असेल तेव्हा कुठलीही आज्ञा दोघींच्या बोटांशिवाय वर जाणार नाही. माझ्या टेबलावर एक ठशाची काच आणि त्यांच्या टेबलावर एक. महिनाभर आम्ही घरी एकमेकींशी बोललो नाही. माझा नवरा जेवताना मध्ये बसून ‘ताई म्हणते मीठ दे’, ‘ही म्हणते तुझ्याच पुढ्यात आहे’ असले निरोप पोचवायचा. बिचाऱ्याची पार चटणी झाली होती.

आणि आता शेवटचा फेरा होता. उपग्रहाचं इंधन मोजकंच उरलेलं, ते पुढच्या दोन वर्षांच्या कामांसाठी जपायचं होतं. यानंतर त्याला वळवून या जोडीकडे लावायचं नाही असं ठरलं होतं. वन्संना आज मिळालं तर मिळालं.

दुपारी जेवणाची वेळ उलटल्यावर आम्ही बसलो. खोली लहान, बिनखिडकीची, यंत्रांसाठी इतकी गार की सगळे स्वेटर घालून. कोपऱ्यात आमच्या आज्ञा वर धाडणारा अँटेनावाला हेडफोन लावून बसलेला. त्याचं नाव आम्ही रेडिओ ठेवलं होतं, कारण त्याचं तोंड कधी बंद नसायचं. निवृत्तीला आलेला माणूस, गुडघे दुखतात, जावई बोलत नाही, सगळं आम्हाला ठाऊक.

“मॅडम, आज तुमचा तारा हसणार बघा,” तो म्हणाला.

“तारा हसत नाही. तू गप्प बस,” वन्सं म्हणाल्या. पण त्यांचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं त्यांनी. मी पुढ्यात चहा ठेवला तर साय धरली तरी हात लावला नाही.

पडद्यावर दोन रेषा होत्या, तांबडी मऊ किरणांची, निळी कडक किरणांची. हे मला वन्संनीच शिकवलं होतं, मी नवी होते तेव्हा, स्वयंपाकघरात, ओट्याशी उभं राहून. ‘हे बघ, वाऱ्याआड काही गेलं की आधी मऊ किरण मरतात. कडक किरण आरपार येतात. तांबडी बुडाली आणि निळी तरली, तर समज वारा आहे.’ इतकं छान समजावलं होतं, की मी त्या दिवशी मनात म्हटलं, बाई खडूस आहे पण शिकवावं तर हिनंच.

गोटी बाहेर यायला लागली. आधी निळी रेषा उचलली गेली, मग बऱ्याच वेळानं तांबडी. शांत, सरळ, जिन्यावरून चढल्यासारखी. वन्संनी माझं मनगट धरलं. “बघ. बघतेयस ना? एकसारखा आहे. मी काय म्हणत होते?”

मलाही बरं वाटलं हो. मी काही त्यांची वैरीण नाही.

आणि मग दोन्ही रेषा एकदम वर झेपावल्या, पडद्याच्या कडेला टेकल्या न टेकल्या, आणि दाणकन खाली आल्या. तळाशी.

“आला!” वन्सं खुर्चीतून उठल्याच. “वारा आला आडवा! दाट थर! अगं, याच्यासाठी तर थांबले होते मी!”

मी कीबोर्ड पुढे ओढला. कारण तांबडी आणि निळी एकदम पडल्या होत्या, एका क्षणात, जोडीनं. वाऱ्यानं मारलं असतं तर निळी तरली असती. दोघी एकदम पडतात त्याचं एकच कारण मला माहीत होतं. किरणांचा मारा इतका वाढतो की ठिणग्या एकमेकींत मिसळतात, मोजणाऱ्या यंत्राला नुसता एक अखंड गोंगाट ऐकू येतो आणि ते मोजणंच सोडून देतं. जेवढा मार जास्त, तेवढा आकडा कमी. पडद्यावर सामसूम दिसते आणि वर वायरी लाल होत असतात. झाकण आपोआप पडायची सोय होती, पण आकडा थोडा वेळ वर टिकला तरच ती चालायची. आकडाच खोटं बोलायला लागला तर ती काय करणार? वायरींतला प्रवाह बघितला असता तर लगेच कळलं असतं, पण प्रवाहाचे आकडे टपालासारखे मागाहून गठ्ठ्यानं यायचे.

मी आज्ञा टाइप केली, माझं बोट काचेवर ठेवलं आणि म्हटलं, “वन्सं, बोट ठेवा. पेटी गुदमरतेय.”

“काही गुदमरत नाही. वारा आहे.”

“दोन्ही रेषा एकदम पडल्यात! बघा की जरा!”

“इतका दाट आहे की कडक किरणसुद्धा अडलेत. हेच तर मी इतकी वर्षं सांगतेय!” त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, लहान मुलं खाऊ लपवतात तसे. “मागच्या वेळी केलंस ते पुरे झालं. या वेळी नाही.”

“वन्सं, पाया पडते. वायरी जळतायत.”

“जळू देत!”

जळू देत! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की पुढचं मला काही सुचलंच नाही. मी खुर्ची लाथेनं उडवली आणि त्यांच्या अंगावर गेले. त्यांचा उजवा दंड धरला आणि ओढला. त्यांनी डाव्या हातानं माझ्या तोंडावर बोचकारलं, डोळ्याखालपासून हनुवटीपर्यंत. मी त्यांना टेबलावर आपटलं. चहाचा कप फुटला, कीबोर्ड खाली गेला. पन्नाशीची बाई, दिसायला काटकुळी, पण अंगात काय बळ! माझ्या खांद्याला त्यांनी स्वेटरवरून कडकडून चावा घेतला.

“अहो मॅडम! अहो ताई! काय हे!” रेडिओ मध्ये पडायला आला. कुणाचं तरी कोपर त्याच्या नाकावर बसलं आणि तो हेडफोनच्या वायरीत गुरफटून खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं बोलणं तुटलं.

“बोट दे!” मी ओरडत होते. “दे म्हणते ना! सोड मूठ!” इतक्या वर्षांत मी त्यांना कधी अगं-तुगं केलं नव्हतं.

त्यांनी मूठ घट्ट आवळली होती. मी ती उलगडायला लागले. एक बोट हाताला लागलं, तर्जनी, काच त्याच बोटाला ओळखायची. ते मी मागे ओढलं. त्या किंचाळल्या, पण मूठ सोडेनात. मी त्यांच्या पाठीवर सगळा भार टाकला, बोट आणखी मागे पिरगाळलं, आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मूठ सुटली. मी ते मोडकं बोट धरून काचेवर दाबलं. हिरवा दिवा लागला. आज्ञा गेली.

“झाकण पडलं,” रेडिओ जमिनीवरूनच म्हणाला. त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

आम्ही दोघी धापा टाकत होतो. वन्संनी हात छातीशी धरला होता, बोट भलत्याच बाजूला वळलेलं. त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की वाटलं, आता उठून माझा गळा धरतील. “माझं सगळं घालवलंस तू,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्यांदा. घरात ठेवायच्या लायकीची नाहीस तू.”

मला रडू यायला लागलं होतं, भीतीनं. मी चुकले असले तर? वारा खरंच तेवढा दाट असला तर? मग मी एका बाईचं आयुष्यभराचं काम आणि वर तिचं बोट, दोन्ही मोडलं होतं.

तेवढ्यात प्रवाहाचा गठ्ठा आला. पडद्यावर उमटायला लागला, आणि दोघींनी माना वळवल्या. आकडे पडले त्या क्षणापासून प्रवाह वर गेला होता, वर, आणखी वर, आम्ही टेबलावर एकमेकींना लोळवत होतो तेवढा सगळा वेळ. तिसऱ्या कप्प्याचा प्रवाह आभाळाला भिडला आणि एकदम शून्य झाला. मेला तो. चौथा कप्पाही चढत होता, तेवढ्यात झाकण पडलं होतं.

वन्सं उठल्या, पडद्याजवळ गेल्या. तांबडी रेषा, निळी रेषा, त्या पडल्या ती जागा. तिच्यावरून डाव्या हाताचं बोट फिरवलं.

“दोन्ही एकदम पडल्या,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता. “हे तर तुला मीच शिकवलंय.”

मी खाली पडलेला कीबोर्ड उचलून टेबलावर ठेवला.

“मला वारा हवा होता, म्हणून मला वारा दिसला.” मग त्यांचा चेहरा बदलायला लागला. त्यांचं डोकं दुखऱ्या हाताला सोडून पुढे पळायला लागलं होतं. “पण मग एवढा भडका उडाला कशानं? एकसारख्या वाऱ्यात एवढा माल तिच्या अंगावर एकदम येईल कुठून?” त्या माझ्याकडे वळल्या. “ढेकूळ. ढेकूळ आपटलं तिच्यावर.”

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सांगते, बोट मोडल्याच्या आवाजापेक्षा तो मला जास्त लागला.

“उघड,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“झाकण उघड. एक ढेकूळ आलं तर मागून आणखी येतील. ती मोजायला हवीत.”

“वेड लागलंय का? एकच कप्पा उरलाय! आधी दवाखान्यात चला, हात बघा कसा झालाय.”

“विजेचा दाब उतरव. निम्म्यावर आण. कमी दिसेल, पण जळणार नाही. जमेल ना तुला? तुझी पेटी आहे, तू सांग.”

‘तुझी पेटी’ म्हणाल्या. मी डोक्यात भराभर हिशेब केला. जमलं असतं, पण उसळी आली तर झाकण त्याच क्षणी पाडायला हवं. पुन्हा मारामारी करायला वेळ नव्हता.

“उसळी आली आणि तुम्ही पुन्हा बोट काढून घेतलंत तर?”

त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या आणि ते मोडकं बोट डाव्या हातानं धरून स्वतःच काचेवर ठेवलं. मी दाब उतरवून झाकण उघडायची आज्ञा टाइप केली आणि माझं बोट टेकवलं, पण तेवढ्यात त्यांचं बोट सुजायला लागलं होतं, काच ठसा घेईना. त्यांनी ओठ दाबले आणि वरून डाव्या हातानं दाबलं. त्यांच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही. हिरवा दिवा लागला. झाकण उघडलं.

“आता हे इथेच राहील,” त्या म्हणाल्या. “तुला वाटेल तेव्हा पाड. मला विचारू नकोस.”

“मलम आणू का, मॅडम?” रेडिओनं नाकाला रुमाल लावून विचारलं. आमचे डोळे पडद्याला चिकटलेले बघून तो आपण होऊन गप्प बसला.

मग जे दिसलं ते असं. रेषा चढली आणि कोसळली. पुन्हा चढली. तांबडी बुडाली, निळी तरली, म्हणजे या वेळी खरोखर ढेकूळ आडवं गेलं. मग उसळी, म्हणजे दुसरं ढेकूळ गोटीवर आपटलं. दांडगा काही फुंकर घालत नव्हता. तो स्वतःच्या अंगाचे लचके तोडून तिच्यावर भिरकावत होता, आणि ती प्रत्येक लचका पेटवून टाकत होती. प्रत्येक उसळीला माझं बोट काचेकडे झेपावायचं, आणि प्रत्येक वेळी आकडा धोक्याच्या खाली थोडक्यात थांबायचा. वन्सं घामानं भिजल्या होत्या, त्या गारठ्यात. प्रत्येक उसळीबरोबर त्यांचा एकेक जुना हिशेब मोडत होता आणि त्या नुसत्या म्हणत होत्या, “हं. हं. आणखी एक. बघ, हे मोठं होतं.” एकदाही नजर हलवली नाही, आणि काचेवरचं बोटही हललं नाही.

मी डोळे पुसत होते. इतका राग, इतकी दया आणि इतका अभिमान मला एकाच माणसाबद्दल एकाच वेळी कधी आला नव्हता.

जोडी डोळ्याच्या टप्प्याबाहेर गेली तेव्हा आम्ही झाकण पाडलं, दोघींनी, नियमाप्रमाणे. कप्पा जिवंत होता. वन्संनी बोट काचेवरून उचललं, ते जांभळं आणि फुगून दुप्पट झालेलं, आणि तशाच बसल्या बसल्या माझ्या पोटावर डोकं टेकलं. मी त्यांना धरलं. जिथे चावल्या होत्या तो खांदा ठणकत होता.

दवाखान्यात नवरा धावत आला. बहिणीच्या हाताला बांधलेलं, बायकोच्या गालावर ओरखडे, रेडिओच्या नाकात कापूस. तो तिघांकडे आळीपाळीनं बघत राहिला.

“काय झालं?”

रेडिओनं येताना सगळं ठरवून ठेवलं होतं. “काही नाही हो, मॅडमचा पाय घसरला, यांनी सावरायला हात दिला आणि मी मध्ये...”

“पाय नाही घसरला,” वन्सं म्हणाल्या. “हिनं मोडलं माझं बोट. पिरगाळून.”

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. माझी मान खाली गेली.

“आणि जरा आधी मोडायला हवं होतं,” वन्सं म्हणाल्या. “तिसरा कप्पाही वाचला असता.”